कुठली चेन?

अन्याय झाला तो माझ्या घरात राहणाऱ्या एका विद्यार्थ्यावर. शनिवारी तो व्हॅन चालवायचा. ऑस्ट्रेलियातल्या जुलैच्या, म्हणजे ऐन हिवाळ्याच्या, सुट्टीतल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, बर्फाच्या डोंगरावरून उतरताना व्हॅन घसरली आणि त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. पण तो अपघात. अन्याय झाला दुसऱ्या दिवशी, रविवारी, कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या एका घरी, सत्यनारायणाच्या प्रसादाला, शिरा खाता खाता.

युनिव्हर्सिटीत विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायला शिकले तेव्हा पहिला धडा हाच होता. कुणावर आणि कधी, ते आधी लिही, रडगाणं नंतर. म्हणून आधी ते लिहिलं.

कोविडनंतर सीमा उघडल्या होत्या आणि कॅनबेरात दर सेमिस्टरला विद्यार्थ्यांची नवी लाट येत होती. एकेका बेडरूममध्ये दोन-तीन गाद्या. आमच्या घरात पाच जण होतो आणि हीटर एक, तोही घरमालकीणबाईंनी कपाटात ठेवलेला. व्हॅन चालवणारा हा नाशिकचा. मेकॅनिकल करून मास्टर्सला आलेला, आठवडाभर गोदामात शिफ्टा करायचा आणि हिवाळाभर खोकायचा. शनिवारची व्हॅन हे त्याचं आवडतं काम होतं, कारण त्यात निदान एक इंजिन होतं.

व्हॅनचे मालक पुण्याचे, सरकारी खात्यात आयटी कॉन्ट्रॅक्टर. हिवाळ्यात दर शनिवारी त्यांचा बर्फ दाखवायचा धंदा. नवे विद्यार्थी, मुलाकडे आलेले आईवडील, यांना पहाटे गुंगालिनहून उचलायचं, डोंगरावर न्यायचं, घसरगुंडीवर बसवायचं, संध्याकाळी परत. सगळ्यांनी त्यांना दादा म्हणायचं. सर म्हटलं तर रागवायचे, ‘मी काय तुझा बॉस आहे का?’ म्हणायचे. हे वाक्य त्यांनी नंतर फार चांगलं वापरलं. मी पुढच्या सीटवर बसून माणसं मोजायचे आणि पोहे वाटायचे.

व्हॅन जपानहून आलेली, जुनी, फोर व्हील ड्राइव्ह. त्याने नाशिकला घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले होते, ‘मग बाकीचे काय तीन चाकांवर चालवतात?’ तो हसून सांगायचा हे. पण दादांना खरोखरच वाटायचं की फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे सगळं आलं. काहीही विचारा, उत्तर एकच : ‘फोर व्हील आहे ना.’

मे महिन्यात टायर बदलायला दादा आणि तो फिशविकला, गॅरेजांच्या भागात गेले. मला तिकडेच जायचं होतं म्हणून मीही बसले. दुकानात तीन प्रकार समोर होते. साधे रस्त्याचे. दुसरे जाड नक्षीचे, ज्यांच्यावर ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं होती, मड आणि स्नो. आणि तिसरे खरे हिवाळी टायर, ज्यांच्या कडेला डोंगराचं चित्र आणि त्यात बर्फाची चांदणी. ते इथे फारसं कुणी घेत नाही, मागवावे लागतात, आठवडा लागतो.

तो म्हणाला, ‘दादा, चांदणीवाले मागवू या. साधं रबर थंडीत कडक होतं. मग नक्षी कितीही खोल असू दे, धरत नाही.’

‘अरे, यावर स्नो लिहिलंय की.’

‘आधी मड लिहिलंय.’

‘मग चिखलातही चालेल.’ दुकानातला माणूस मराठी न कळताही हसला. दादा पुढे म्हणाले, ‘वर्षात आठ-दहा शनिवार बर्फ. बाकी वर्षभर मी एअरपोर्टची भाडी करतो. ते मऊ टायर डिसेंबरच्या उन्हात खोडरबरासारखे झिजतील. आणि फोर व्हील आहे ना.’

‘फोर व्हील ओढायला, दादा. थांबवायला नाही. ब्रेक काय, सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात.’

‘बरं, इंजिनियर.’

‘मग निदान चेन तरी घेऊन ठेवू. बर्फात पकड मिळायला चाकांना बांधायच्या.’

‘त्या रस्त्यावर फोर व्हीलला चेनची सक्ती नाही. मी नियम वाचलाय. नको ते ओझं.’

नियम तसाच होता. सक्ती नव्हती, शिफारस होती. दादांनी सक्तीपर्यंत वाचलं आणि एम-एसवाले टायर बसवून घेतले.

त्यानंतर तो जसा चालवायचा तसं मी कुणाला चालवताना पाहिलं नाही. पुढच्या गाडीपासून एवढं अंतर सोडायचा की मागचे काका कुरकुरायचे, ‘अरे, बैलगाडी आहे का?’ उतारावर गिअर आधीच खाली, पाय ब्रेकवर पिसासारखा. वर पोचलं की पार्किंगच्या रिकाम्या कोपऱ्यात एकदा मुद्दाम ब्रेक मारून बघायचा, आज रस्ता किती धरतोय ते. लोकांना वाटायचं मजा करतोय.

त्या शनिवारी पायथ्याच्या जिंडाबाइन गावात आम्ही चहाला थांबलो. दादांना व्हॅनसमोरचा ग्रुप फोटो लागायचा, जाहिरातीसाठी. मी काढून पाठवला. त्यात हा शेवटी उभा, दादांनी दिलेलं निळं जॅकेट उघडं, आत मळका टी-शर्ट, आणि खोकताना टिपलेला. सगळे आत बसले आणि त्याचा फोन वाजला. फोन कानाला होता, पण दादांचा आवाज असा की मला शेजारी बसून ऐकू येत होतं.

‘फोटो बघितला. काय रे, जॅकेट असं उघडं टाकून फिरतोस? जाहिरात आहे ती आपली. आजारी पडलास तर पुढच्या शनिवारची ट्रिप मी नेऊ का?’

‘सॉरी, दादा.’ बोलता बोलता त्याने किल्ली फिरवली आणि फोन व्हॅनच्या स्पीकरला जोडला गेला. पुढचं वाक्य सगळ्या गाडीने ऐकलं.

‘चेन लाव नीट, वरपर्यंत. ओके? नो वरीज.’

त्याने एका हाताने जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि मला म्हणाला, ‘बघ, आता सक्तीची झाली.’

दुपारी वर ताजा बर्फ पडू लागला. आम्ही लवकर निघालो. उतारावरच्या वळणावर पुढची गाडी आडवी झाली. त्याने अंतर ठेवलं होतं, ब्रेकही जपून दाबला. गाडीने काही ऐकलंच नाही. चारही चाकं जाम, आणि आम्ही अगदी शांतपणे, आवाज न करता, सरकत राहिलो. समोरच्या गाडीत मुलं होती. त्याने ब्रेक सोडला आणि व्हॅनचं नाक कडेच्या बर्फात घातलं. बर्फाखाली दगड होता, आणि नेमका त्याच्याच सीटच्या बाजूला होता.

त्याला बाहेर काढायला वेळ लागला. पांघरायला काही मिळावं म्हणून मागचं दार उघडलं आणि सगळं सामान रस्त्यावर काढलं. पोह्यांचा डबा, प्लास्टिकच्या घसरगुंड्या, हातमोज्यांची पिशवी, पाण्याचा कॅन. सगळ्यांनी मिळून काढलं, सगळ्यांनी पाहिलं. चेन नव्हती. एक कडीसुद्धा नव्हती.

रविवारी मी हॉस्पिटलमधून थेट त्या सत्यनारायणाला गेले, कारण दादा तिथे असणार हे माहीत होतं. ते सोफ्यावर बसून हळहळत होते. ‘मुलगा चांगला आहे. पण ऐकत नाही. मी मुद्दाम फोन करून सांगितलं, चेन लाव, वरपर्यंत. विचारा हवं तर.’

व्हॅनमधलं एक जोडपं तिथेच होतं. नवरा म्हणाला, ‘हो, ऐकलं आम्ही. स्पीकरवर होतं.’ खोटं बोलला नाही तो.

मी म्हटलं, ‘ती जॅकेटची चेन होती.’

सगळे हसले. मोठ्याने नाही, पण हसले. एक काकू म्हणाल्या, ‘अगं, बर्फावर निघालेल्या माणसाला कुणी जॅकेटची चेन लाव म्हणून फोन करेल का?’

‘व्हॅनमध्ये चेन नव्हतीच, काकू. यांनी घेतलीच नव्हती.’

दादा जराही चिडले नाहीत. ‘बाळा, तू आंदोलनवाली. तुला जिथे तिथे मालक दिसतो. तो काय नोकर होता का माझा? येत होता मदतीला. मी काय त्याचा बॉस आहे का?’ मग मला म्हणाले, ‘प्रसाद घे.’

त्याने कुठे तक्रार केली नाही. व्हिसावर कामाचे तास ठरलेले असतात. गोदाम आणि व्हॅन मिळून त्याचे ते केव्हाच ओलांडलेले. तक्रार म्हणजे स्वतःवरच खबर देणं. मी अर्ज लिहून दिला, तो त्याने उशीखाली ठेवला. सेमिस्टर गेलं, मग कोर्स गेला, मग कुबड्या घेऊन तो नाशिकला गेला. जायच्या आधी त्याच्या आईचा फोन आला होता. इथल्या कुणीतरी तिथल्या कुणाला सांगितलं होतं. आई रडत नव्हती, नुसती विचारत होती, ‘एवढं सांगितलं होतं त्यांनी, मग का नाही रे लावलीस?’ तो म्हणाला, ‘लावली होती गं.’ आणि त्याने फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, त्याला खोकला आहे, जरा पाणी पितोय.

व्हॅन दुरुस्त झाली. पुढच्या हिवाळ्यात नवा मुलगा, तेच निळं जॅकेट, तेच टायर. गुंगालिनात आजही प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणात बर्फाचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच : तो मुलगा, ज्याने सांगूनही चेन लावली नाही. सांगणारे बहुतेक त्या व्हॅनमध्ये नव्हतेच.

तुमच्या पुढ्यातही हे वाक्य येईल. तेव्हा मान डोलावू नका. हातातली ताटली खाली ठेवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा : कुठली चेन? व्हॅनमध्ये कुठे होती? आणि उत्तर मिळेपर्यंत जेवू नका.