डायलिसिसचे फिल्टर आणि चाडची सीमा

"पोर्ट सुदानला माल उतरवू नका, मॅडम. तिथून आमच्याकडे काही पोचत नाही," डॉक्टर हिशाम फोनवर म्हणाले. मी तर जहाजात जागा बुक करून बसले होते.

मी बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये आहे. माल एकाचा, जहाज दुसऱ्याचं. मधली वाट शोधणं आमचं काम. हिशाम इथेच शिकले. आता सुदानच्या दारफूर भागात रुग्णालय चालवत होते. त्यांना डायलिसिसचे फिल्टर हवे होते. रक्त गाळणारे हे फिल्टर संपले की मशीन असूनही पेशंट वाचत नाही.

मी नकाशा उघडला. बंदर लष्कराकडे, रुग्णालयाचा भाग विरोधी निमलष्करी दलाकडे. मध्ये लढाई.

"शेजारच्या चाडमधून पाठव," आमचे मूर्ती सर म्हणाले.

"सर, ती सीमा लष्कराच्या सरकारने बंद केलीय, आणि त्यांच्या परवानगीशिवाय मदतसंस्था ती ओलांडत नाहीत. तिथून शत्रूला शस्त्रं येतात म्हणे. चाडचं सरकार ते नाकारतं."

"आणि लष्कराच्या मागे कोण?"

"इजिप्त. त्यांना नाईलच्या पाण्याची काळजी. बाकी देशांपैकी कुणाला सुदानचं सोनं हवंय, कुणाला तिथल्या समुद्रावर बंदर."

सर नकाशावर वाकले. मी म्हटलं, "कॅमेरूनच्या बंदरात उतरवू. तिथून ट्रकने चाड ओलांडून सुदानच्या सीमेपर्यंत. तिथे एक मदतसंस्था गोदाम द्यायला तयार आहे."

"सीमा उघडलीच नाही तर?"

"तर माल निदान जवळ असेल."

"सरी, ठीक आहे. कर."

माल गोदामात पोचला आणि तिथेच थांबला. हिशाम आता पेशंटना आठवड्यातून दोन-तीनदा ऐवजी एकदाच डायलिसिस देत होते. मी जेवताना परदेशी बातम्या लावायला लागले. कुठला मंत्री कुणाला भेटला, हे एरवी मला कशाला हवं होतं? घरचे वैतागले.

शेवटी दारफूरमध्ये उपासमार वाढली, बाहेरून दबाव आला, आणि ती सीमा फक्त मदतीच्या मालासाठी, ठरावीक मुदतीपुरती उघडली. संस्थेने आमची खोकी पहिल्या ट्रकांत घातली. ते पावसाने भरलेल्या ओढ्याकाठी अडकले. पाणी उतरल्यावर पलीकडे गेले.

हिशामनी व्हिडिओ कॉल केला. एक शिक्षिकाबाई मशीनला जोडलेल्या होत्या. त्यांनी मोकळा हात हलवला. मीही हात हलवला.

"तुंबा थँक्स, अक्का," हिशाम इथे शिकलेल्या कन्नडमध्ये म्हणाले. खूप आभार, ताई.

पुढची ऑर्डरही त्याच वाटेने गेली. ऑफिसात नवीन आलेल्यांना मी आता सांगते, भाडं नंतर विचारा. आधी त्या देशाचं कुठल्या शेजाऱ्याशी वाकडं आहे, ते बघा.