काळ्या खिडकीतली वऱ्हाडी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या दोन खोल्यांत कम्प्युटरपुढं बसून मी जे करतो ते कामच असणार, असं घरचे धरून चालतात. फक्त आईला शंका होती. तिनं दुसऱ्यांच्या घरी पाहिलेले कम्प्युटर रंगीत, आणि माझ्यापुढं कायम काळी खिडकी. माऊस बाजूला ठेवून त्यात हुकूम टाइप करायचे आणि मशीननं ते पाळायचे, हेच माझं काम. पुण्याच्या एका कंपनीनं मला सहा महिने तपासून पाहायला घेतलं होतं. शुक्रवारी सगळ्या टीमसमोर, स्क्रीन दाखवत, मी तयार केलेला बदल सर्व्हरवर चढवायचा होता. नीट चढला तर पक्का, नाही तर राम राम.

आता या काळ्या खिडकीला प्लगिन जोडता येतात. म्हणजे वरून चिकटवायची छोटी सोय. इंटरनेटवर त्यांच्या याद्याच्या याद्या सापडतात आणि सगळं फुकट. फुकट म्हटल्यावर मी कशाला सोडतो? एक अक्षरं रंगवणारं घेतलं. एक माझ्या मनातला पुढचा हुकूम ओळखणारं, जे नेहमी चुकीचा ओळखायचं. एक वर्ध्याचं तापमान सांगणारं, जसं काही मे महिन्यात ते मला कळत नव्हतं.

आणि एक मी स्वतः लिहिलं. मोठे मोठे हुकूम रोज कोण टाइप करत बसेल? मी त्यांना घरचे शब्द दिले, अक्षरं इंग्रजी पण बोली आपली. टीमचा नवा कोड माझ्या मशीनवर ओढायचा तर ‘आन’. सर्व्हरवर पाठवायचा तर ‘धाड’. काही बिघडलं तर ‘काऊन’, म्हणजे ‘का’, म्हटलं की बिघाडाची कारणं समोर. केलेलं मागं घ्यायचं तर ‘जाऊदे’. मला तर ही कॉलेजच्या डिग्रीपेक्षा मोठी कमाई वाटायची.

शुक्रवारी सकाळी खिडकी उघडायला गेलो आणि ती उघडेचना. रोजच हळू चालली होती, पण सगळ्यांसमोर असं नको. मग अर्धी प्लगिन बंद करून पाहिली, मग उरलेल्यातली अर्धी, असं करत करत चोर पकडला. माझंच निघालं. उघडताना प्रत्येक वेळी ते इंटरनेटवर जाऊन विचारत होतं, आपली नवी आवृत्ती आली का? लिहिणारा मी एकटा, घरात बसलेला, आणि हे गावभर विचारत फिरतंय. दुरुस्त करायला वेळ नव्हता. बंद करून टाकलं. खिडकी फटकन उघडली.

कॉलवर सगळे जमले. मी ऐटीत टाइप केलं, ‘आन’. खिडकीनं सांगितलं, असा हुकूम नाही. बोटांनी आपोआप ‘काऊन’ टाइप केलं. तोही नाही. पुण्यात कोणीतरी खुसकन हसलं.

“हे काय आहे?” टीमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं आणि म्हणालो, एक मिनिट, प्लगिन चालू करतो.

“नको. ग्राहकाच्या मशीनवर तुझी वऱ्हाडी कुठून येणार? असंच कर.”

आता आली पंचाईत. घरचे शब्द वापरून वापरून खरे हुकूम मी साफ विसरलो होतो. पण माझ्या प्लगिनची फाईल तर होती. सगळ्यांसमोर ती उघडली, ‘आन’च्या पुढं लिहिलेला लांबलचक हुकूम वाचला, हातानं टाइप केला. मग ‘धाड’च्या पुढचा. एकेक अक्षर, लग्नपत्रिका वाचावी तसं. बदल चढला.

“वाचून केलंस,” मॅडम म्हणाल्या.

“हो मॅडम. पण लिहिलं बी मीच हाये.”

तोंडातून तसंच निघालं आणि मी ते परत घेतलं नाही. त्यांनी चढलेला बदल आपल्याकडं उघडून पाहिला. मग म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून पक्का समज, पण ते हुकूम पाठ कर. मी अगदी थंडपणे ठीक आहे म्हटलं, जशी मला खात्रीच होती. माईक बंद केला. बंद झाला का ते पुन्हा पाहिलं.

“आई, मले ठेवलं.”

आई दारातच उभी होती. “आयकलं मी,” ती म्हणाली. “मले तं वाटलं, हाकलते आता. चाल, जेवून घे.”