आकड्यावरचं कुंकू

आज खंडेनवमीला नट आवळायचे पाने डिझेलच्या फडक्यानं पुसताना तो वास नाकात गेला आणि तो दिवस आठवला.

लग्नाआधीची, माहेरच्या बेंबळीच्या मळ्यातली गोष्ट. बोअरमधली मोटर वर काढताना पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प ढिला झाला. माझे वडील अण्णा आणि थोरला भाऊ दादा पाइपाला मिठी मारून उभे. पाइप सुटला असता तर मोटर कायमची तळाला गेली असती आणि दादाची बोटं क्लॅम्पखाली चिरडली असती.

"सतराचा पाना घे, नट आवळ!" अण्णा ओरडले.

पोत्यावरचे पाने मला सगळे सारखेच दिसत होते. आईनं दर खंडेनवमीला नेमकं पान्यावर कोरलेल्या मापाच्या आकड्यावरच कुंकू लावलेलं, त्याचा तेलकट थर बसलेला. पहिला पाना नटावर नुसताच गरागरा फिरला. दुसरा बसेचना. पाइप बोटभर खाली सरकला.

"लवकर गं माय," अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि त्यानंच मी जास्त घाबरले.

तिसरा पाना खटकन बसला. नट आवळला तसा पाइप जागीच थांबला.

तेव्हा आईचा लई राग आला होता. आता कळतं, लेकरांच्या हातात जाणाऱ्या लोखंडाला ती अंगाऱ्यासारखं कुंकू लावत होती.

मी मात्र आकडा सोडून लावते. आज हात जोडले, डोळे मिटले आणि तोंडातून देवाच्या नावाऐवजी निघालं, "सतरा."