चाखणारी दासी

जेवणं आटोपली की दुपारी सासूबाई आणि मी हिंदीतून लागणारी एक कोरियन राजवाड्याची मालिका बघतो. काल राणीने राजासाठी स्वतः पेज शिजवली. पण वाटी पुढे येताच आधी एका दासीने चव घेतली आणि सगळा दरबार तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. कुणी विष घातलं असेल तर? राणीची मान खाली गेली. मला तिचं फार वाईट वाटलं. लग्नाला चार वर्षं झाली, तरी माझ्या हातची आमटी सासूबाईंनी चाखल्याशिवाय कुणाच्या पानात पडत नाही.

"आपला देव बरा," सासूबाई म्हणाल्या. "त्याचा नैवेद्य कुणी चाखत नाही. जसा होईल तसा गोड मानून घेतो." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आज त्यांनी आमटी न चाखता सरळ वाढली. पहिल्याच घासाला मला कळलं, अळणी झालीये. पानात डावीकडे मीठ वाढायची रीत जिने घातली, तिने चुकणाऱ्या हातांचा आधीच विचार केला असावा. सासूबाईंनी त्यातलं चिमूटभर उचलून आपल्या आमटीत टाकलं, वाटी संपवली आणि माझ्यापुढे केली.

"वाढ अजून."