हॅन्सनच्या नावाचा दाखला

एकवीस वर्षांच्या नोकरीत शिव्या मला पुष्कळांनी दिल्या, पण लक्षात राहिल्या त्या भागाबाईच्या. त्या तिने ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चाळीसएक माणसांसमोर दिल्या होत्या, आणि त्यांतली एकही मला आजवर अन्यायाची वाटलेली नाही.

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ. मूळचा बोदवडचा, नेमणूक सोनगीरकडच्या खेड्यांत. गावोगाव फिरायचं, लोकांच्या अंगावरचे चट्टे बघायचे, कापसाचं टोक फिरवून ‘कळतंय का’ विचारायचं, हे माझं काम. अहिराणी मला समजायची, बोलायला जमायची नाही.

१९९०च्या मार्चमध्ये मी एका अंगणवाडीत मुलं तपासायला गेलो होतो. भागाबाई तिथली मदतनीस. वय पस्तिशीचं, हाताला दम, तोंडाने फटकळ. तिने चुलीवरचं खिचडीचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं आणि सेविका पुष्पाबाईशी हसत बोलत राहिली. डाव्या तळव्याच्या करंगळीकडच्या कडेला चांगला रुपयाएवढा फोड आला होता.

“बाई, हात भाजला तुमचा.”

“कोठे?” ती म्हणाली, आणि मग तिने तळवा पाहिला.

मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता. मी तिला डोळे मिटायला लावले आणि दहा वेळा कापूस फिरवला. तिला एकदाही कळला नाही.

एकच चट्टा, दुसऱ्याला न लागणारा प्रकार, सहा महिन्यांच्या गोळ्या. लाजायचं कारण नाही, काम सोडायचं कारण नाही, असं मी तिला ठासून सांगितलं. ते सगळं खरं होतं. पण पंधरा दिवसांनी मी पुढच्या तपासणीला गेलो तो सरकारी जीपमधून. जीपवर दोन्ही बाजूंनी हातभर अक्षरांत ‘कुष्ठरोग निर्मूलन’ लिहिलेलं. ती जीप मी तिच्या दारात उभी केली. घरी सायकल असताना.

आठ दिवसांत अंगणवाडी ओस पडली. सरपंच चुडामण आबा सभ्य माणूस. आवाज न चढवता ते तिला म्हणाले, “भागा, पोरे धाकला शेतस. आते तू घरच बस.” घरी नवऱ्याने, हिलालने, तिची खाट गोठ्यात टाकली. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक वेगळी ताटली काढली. तीत भाकरी घालून तो ती दाराबाहेर ठेवायचा आणि मागे सरायचा.

मी महिन्यातून एकदा जात राहिलो, आता सायकलवर. माझ्यादेखत ती गोळ्या गिळायची. एकदा तिने विचारलं, “वनाले बी हाऊच रोग शे का?”

वना म्हणजे नाल्यापलीकडे झोपडीत राहणारा माणूस. बोटं आकसलेली, पायाला जखमा. गावाने त्याला बारा वर्षांपूर्वी हाकललं होतं. कुणाला दया आली तर नाल्याकाठच्या दगडावर भाकर ठेवून परत फिरायचं. तो मला झोपडीजवळ येऊ द्यायचा नाही, आणि मीही फार जोर केला नव्हता.

“हाच रोग,” मी म्हणालो. “त्याला गोळ्या वेळेवर मिळाल्या नाहीत, एवढाच फरक.”

तिने नाल्याकडे एकदा पाहिलं आणि गोळी गिळली.

ऑक्टोबरात तिचा उपचार संपला. कामावर परत घ्यायला डॉक्टरचा दाखला हवा होता, आणि माझ्या डोक्यात एक हुशारी आली. प्रशिक्षणात आम्ही वहीत उतरवून नावं घोकली होती. काचपट्टी रंगवायची ती झील-नील्सन पद्धत, रोगाची वर्गवारी रिडली-जोपलिंग यांची, आणि रोगाचंच दुसरं नाव हॅन्सनचा आजार, कारण नॉर्वेच्या त्या डॉक्टरने त्याचा जंतू पहिल्यांदा पाहिला. त्या वहीत एकाही रोग्याचं नाव नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लिहून घेतलं : ‘हॅन्सनचा आजार. उपचार पूर्ण. कामास योग्य.’ अक्षर न् अक्षर खरं. गावाला त्यातलं काही कळणार नाही, हीच तर मखलाशी होती.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर लोक जमले. चुडामण आबांनी दाखला मोठ्याने वाचला आणि मला विचारलं, “हॅन्सन म्हणजे हो काय?”

“विलायती नाव आहे आबा. कातडीचा आजार. बरा झालाय.”

“म्हणजे ते नव्हतंच!” कोणीतरी म्हणालं. मी मान हलवली नाही आणि नाकारलंही नाही. बघता बघता सगळे मोकळे झाले. बाया हसायला लागल्या. हिलाल पुढे होऊन तिला म्हणाला, “चुकी व्हयनी मनी. घर चाल.” मागून एकजण बोलला, “आपलं गावमां तो रोग फक्त वनाले. आपला घरमां नही येस.”

भागाबाई ओट्याच्या खाली उभी होती. ती पायऱ्या चढून माझ्यासमोर आली.

“हॅन्सन कोन शे?”

“डॉक्टर होते. जंतू त्यांनी शोधला.”

“त्याले व्हयना व्हता का हाऊ रोग?”

“नाही.”

“त्याले गोठामां टाकं व्हतं का कोनी?”

“नाही, बाई.”

“मंग त्यानं नाव कसाले? हात मना भाजना! सहा महिना मी ढोरेसमां काढात! आनि नाव त्यानं?” तिचा आवाज चिरकला. “लाजानं कारन नही, आसं तूच सांगे ना? मंग लपाडं कसाले? तुलेच लाज वाटनी मनी! मुडदा बसो तुना, आनि तुना हॅन्सनना बी!”

चुडामण आबा “अगं, अगं” करत उठले. ती त्यांच्याकडे वळली.

“आबा, तुम्ही आयका. बठ्ठा आयका. माले महारोग व्हता. वनाले शे तोच. गोळ्या खाद्यात, बरा व्हयना. पोरे धाडतस ते धाडा, नही ते ऱ्हावू द्या. पन मी खोटं नाव लाईसन चूल पेटावनार नही.”

दाखला तिने माझ्या हातात कोंबला. “खोड ते. आनि लिखी दे.”

मी ‘हॅन्सनचा आजार’ खोडलं आणि ‘महारोग’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी नवीन सही घ्यायला गेलो तेव्हा साहेब चिडले, “आयतं मिटलं होतं, कशाला उकरलं?” मला त्यांचाही संताप आला आणि त्यांच्याहून स्वतःचा जास्त. तीन वर्षं मी भिंतींवर ‘कुष्ठरोग बरा होतो’ रंगवत फिरलो होतो, आणि जेव्हा एक बाई बरी होऊन समोर उभी राहिली तेव्हा मीच तिच्यावर परकं पांघरूण घातलं होतं.

त्या आठवड्यात अंगणवाडीत एकच मूल आलं. पुष्पाबाई आपल्या नातीला हाताला धरून घेऊन आली. भागाबाईने एका मुलीसाठी चूल पेटवली. दहा दिवसांनी चार झाली, उन्हाळ्यापर्यंत वीस. दोन घरांनी शेवटपर्यंत मुलं पाठवली नाहीत. घरी तिने आपली खाट स्वतः उचलून आत आणली, आणि ती जर्मनची ताटली हिलालपुढे ठेवली. वर्षभर त्याला तीत वाढलं. तो मुकाट जेवला.

वनाकडे ती मला घेऊन गेली. “उठ रे,” ती त्याला म्हणाली, “मी खादी शे ती गोळी. मरस का मी?” दोन वर्षं त्याने उपचार घेतला. जंतू गेले, बोटं काही सरळ झाली नाहीत. गावात परतायला त्याला जागा कुणी दिली नाही. त्यासाठी ती चुडामण आबांशी दर ग्रामसभेत भांडली आणि दर वेळी हरली.

१९९५च्या पावसाळ्यात वना तापाने गेला. निरोप मिळताच मी पोचलो. हिलाल होता, पुष्पाबाईचा नवरा होता, आणि मी. चौथा खांदा मिळेना. भागाबाईने दारोदार जाऊन हाका मारल्या. दोन दारं तिच्या तोंडावर लागली. मग तिने पदर खोचला आणि तिरडीचं चौथं टोक स्वतः खांद्यावर घेतलं. बाई खांदा देते म्हणून लोक बाहेर येऊन बघायला लागले. बघायला मात्र सगळं गाव जमलं होतं.

स्मशानापर्यंत ती एकदाही रडली नाही. शिव्या देत होती.