वेणूबाईंच्या वेलीवरची भुरी

वेणूबाईंचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. चहाच्याही आधी त्या टॉर्च घेऊन अंगणातल्या द्राक्षवेलीचे डोळे तपासायच्या. डोळे म्हणजे कोंब फुटतो त्या जागा. मग आनंदनगरच्या कारखान्यात ड्रम धुवायला. धुतलेल्या ड्रममध्ये त्या पुन्हा बोट फिरवून बघत. मी तिथे फिटर होतो; पालेगावात त्यांचा शेजारी.

वेल त्यांच्या माहेरची, निफाडकडची. यजमान कोंडाजींनी वारण्याआधी काडी आणून लावलेली. दोन वर्षं तिच्यावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली. पानं, मणी राखेत लोळवल्यासारखे. मुलगा संतोष म्हणाला, "आई, परत पांढरी झाली की कापणार. अंगणात जागा नाही म्हणून माझा टेंपो रस्त्यावर उभा असतो."

वेणूबाई घाबरल्या. दिवाळीनंतर त्यांनी एकेक पान खुडून जाळलं, काड्या छाटल्या. काड्या मात्र पाणी तापवायला म्हणून बुंध्याशीच रचल्या. आमच्याकडे सरपण कुणी टाकत नाही. थंडीभर उघडी वेल स्वच्छ दिसली.

फाल्गुनात कोंब फुटले. त्यातला एक जन्मतःच पांढरा. वेणूबाईंनी त्यावर पदर धरला. "भाऊ," त्या मला म्हणाल्या, "संतोषला सांगू नका."

रविवारी त्यांचा धाकटा भाऊ भगवंत आला. तो द्राक्षबागेत कामाला.

"मला वाटलं, भुरी थंडीने मेली," वेणूबाई म्हणाल्या.

"इथल्या थंडीने? आक्का, इथे माणसाला स्वेटर लागत नाही! भुरी डोळ्याच्या पापुद्र्यात झोपली होती. कोंबाबरोबर उठली." त्याने बुंध्याची सुटलेली साल नखाने उचलली. फटीत बारीक काळे ठिपके. "ही तिची अंडी समज. तुझ्या सरपणावरही असणार. चांगलं घर दिलंस तिला."

मी हसलो. वेणूबाई सरपण बुंध्यापासून दूर ओढू लागल्या.

मागे संतोष उभा होता. "बघितलंय मी. आता आणखी एक कोंब पांढरा दिसला, की कुऱ्हाड."

भगवंतने कोंबावर आधी पिशवी चढवली, मग कापला, म्हणजे भुकटी उडत नाही. सुटलेली साल सोलली. काड्या लांब नेऊन जाळल्या. गंधक फवारलं.

त्यानंतर रोज पहाटे वेणूबाई प्रत्येक कोवळं पान अंगठ्याखाली चोळून बघत. अंगठा स्वच्छ निघे, तरी भीती जाईना. "कुठल्या तरी डोळ्यात असेलच," म्हणत. पुढच्या हंगामातही अंगठा स्वच्छ राहिला. संतोषने कुऱ्हाड माळ्यावर टाकली.

निवृत्त झाल्यावर वेणूबाईंच्या फंडातून वेलीला लोखंडी मांडव झाला. टेंपो खाली मावेल एवढा उंच.