खबर नाही असं शपथेवर

नोटरी व्हायचं माझ्या मनात आलं ते आमच्या किनाऱ्यावरच्या बायकांमुळे. घरचा माणूस मुंबईला नाहीतर समुद्रावर. काही बरंवाईट झालं की एका शिक्क्यासाठी त्यांना होड्यांतून नद्या ओलांडत रत्नागिरी गाठावी लागे. मी मालवणात वकिली करत होतो. नोटरीचा कायदा अजून नवा होता. दहा वर्षं वकिली झालेली हवी, अर्जावर मॅजिस्ट्रेटची, एका व्यापाऱ्याची आणि गावातल्या प्रतिष्ठितांची सही हवी, आणि अर्ज जिल्हा न्यायाधीशांमार्फत सरकारकडे जायला हवा. माझी दहा वर्षं भरली आणि मी सह्या गोळा करत हिंडलो.

रत्नागिरीला न्यायाधीशांनी मला बोलावून घेतलं. "शिक्का कोणीही मारील," ते म्हणाले. "समोरचा माणूस शपथेवर बोलतो ते त्याला कळलंय का, हे बघणं तुमचं काम." मी मान हलवली. त्या वेळी मला ते सोपं वाटलं.

सनद आली. मुंबईहून गोल शिक्का बोटीने आला. आणि पहिल्याच आठवड्यात देवबागहून तिघं माणसं आली: एक बाई, तिची सासू आणि तिचा दीर. बाईचा नवरा मंगळूरहून कौलं आणणाऱ्या शिडाच्या फत्तेमारीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. ती फत्तेमारी वादळात गेली, परत आली नाही. फळकूटसुद्धा हाती लागलं नाही. सात वर्षं उलटून गेली होती. जमीन त्याच्याच नावावर होती; ती वहिनीच्या नावावर व्हावी म्हणून दीरच धडपडत होता. सात वर्षं खबर नसलेला माणूस मेला असं कायदा अनुमान धरतो; तलाठ्याला तसं प्रतिज्ञापत्र हवं होतं.

बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

मी मजकूर वाचून दाखवला. ज्यांना तिच्या नवऱ्याची खबर लागायला हवी होती त्यांपैकी कोणालाही सात वर्षांत ती लागलेली नाही, असं त्यात होतं. मग मालवणीत समजावून सांगितलं.

"ते येतत," ती म्हणाली. "तिनसांजेक पडवेत येतत, खाकरतत. ह्येका खबर म्हणूचा काय नाय, ता तुमी सांगा."

दीर घाईने कचेरीतल्या मराठीत म्हणाला, "वकीलसाहेब, बायकांचं मनावर घेऊ नका."

तेवढ्यात सासू खाली बघत म्हणाली, "मियां पण आयकलंय."

दिराच्या चेहऱ्यावरून मला कळलं, त्यानेही ऐकलं होतं.

मी शिक्का कपाटात ठेवला. म्हटलं, आज हे होणार नाही. ते गेले, पण ते खाकरणं माझ्या घरी आलं. जेवताना मी मध्येच थांबून दाराकडे बघू लागलो. अखेर एका संध्याकाळी मीच देवबागला गेलो. काय करणार होतो, मला ठाऊक नव्हतं.

एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधल्या वाळूवर त्यांचं घर. बाईने तुळशीपुढे दिवा लावला आणि आम्ही पडवीत बसलो. बोलणं आपोआप थांबलं. मग पायरीजवळ काहीतरी वाजलं. माणूस घसा साफ करतो तसं, एकदाच. माडाची झावळी असेल, खेकडाही असेल. मी वकील, मी आजही शपथेवर सांगणार नाही. पण म्हातारी जरा सरकली आणि तिने आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली.

बाई त्या मोकळ्या जागेकडे बघून सावकाश म्हणाली, "वकील इलेत. तुमी नाय, असा कागदार लिवचा आसा. चेडवाचा लगीन आसा, जमीन नावार व्हयी. लिवू काय?"

वाऱ्याने दिवा हलला नाही. मी वाळूतून परतलो.

पुढे बरेच दिवस गेले. मग ती तिघं पुन्हा आली. बाईचं कपाळ मोकळं होतं. घरूनच पुसून आली होती.

"आता येनत नाय," ती म्हणाली. "त्या दिसापासून नाय. आता माका सांगूक येतला."

मी मजकूर पुन्हा वाचला. या वेळी ती प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणाली. तिने अंगठा उठवला. मी शिक्का दाबला तो नीट उठला नाही. पुन्हा दाबावा लागला. तिने त्या उठलेल्या गोलावरून बोट फिरवलं.

"आणि आता जर ते इले तर?"

कायद्यात याला उत्तर होतं: माणूस परतला की अनुमान संपलं. ते मी तिला सांगितलं. ती किंचित हसली, जणू मीच लहान आहे.

त्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न झालं. मी गेलो होतो. पुढे किती तरी कागदांवर मी शिक्के मारले, पण कोणी "खबर नाही" म्हणालं की आधी मी त्याला बसायला सांगत असे आणि थोडा वेळ काहीच विचारत नसे.

शिक्का मारला त्या दिवशी मात्र सासू-सून निघून गेल्या तरी दीर माझ्या पायरीवरच बसून होता. भाऊ गेल्याला इतकी वर्षं झाली होती, पण घरात कोणी त्याला रडू दिलं नव्हतं. आता तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. मी आतून पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्या शेजारी बसलो.